अकरावा प्रश्न परत छापा : नाशिकच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या सिडकोतल्या एका सभागृहात चाळिशीपुढच्या बायकांसाठी मोफत तपासणी शिबिर झालं. तुमच्यातले पाच जण रविवारची सुट्टी मोडून आले होते, त्याबद्दल आधी आभार. नोंदणीच्या टेबलावर जी बाई बसली होती, ती मी. शाळेच्या ऑफिसात चोवीस वर्षं फॉर्मच टाईप केले, म्हणून शिबिराचा फॉर्म तयार करायचं कामही मंडळातल्या बायकांनी माझ्याच गळ्यात घातलं होतं.

नाव, वय, पाळी कधी गेली, बीपी, साखर, थायरॉइड, बाळंतपणं किती, पिशवीचं ऑपरेशन झालंय का, गुडघे दुखतात का. दहावा प्रश्न, खोकताना-शिंकताना लघवी सुटते का. आणि अकरावा मी माझ्या मनाने घातला : ‘पती-पत्नी संबंधात दुखणं, कोरडेपणा, इच्छा न होणं असा काही त्रास आहे का? हो / नाही / सांगायचं नाही.’ तिसरा पर्याय मुद्दाम ठेवला, कुणाला अवघड वाटू नये म्हणून.

फॉर्म नजरेखालून घालायला तुमच्याकडे पाठवला. तो परत आला तेव्हा अकराव्या प्रश्नावर निळ्या पेनाने आडवी रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, ‘नको. बायका लाजतात.’

झालं. दहा प्रश्नांच्या दीडशे झेरॉक्स निघाल्या.

शिबिराच्या दिवशी सकाळीच पंचावन्नच्या आसपासची एक बाई फॉर्म भरून झाला तरी टेबलापाशीच रेंगाळली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “ताई, यात ते नाही का?” मी म्हटलं, ते म्हणजे काय? तर हळूच म्हणाली, “रात्रीचं.” मी तिच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं, ‘संबंधाच्या वेळी आग होते, दोन वर्षं.’ दुपारच्या जेवणापर्यंत मागे पेन्सिलीने लिहिलेले असे आठ फॉर्म झाले होते. प्रश्न छापलेला नसताना. लाजत कोण होतं, ते मला अजून नीटसं कळलेलं नाही.

त्या पहिल्या बाईला आत काय सांगितलं गेलं, तेही तिने जाताना सांगितलं. “आता नातवंडं खेळवायची, काकू.” खोली हसली म्हणे. तीही हसली. हसत हसतच रिक्षात बसली.

म्हणून हे पत्र. कुणा एकाचं नाव मी घेणार नाही, तो माझा हेतूच नाही.

यात माझं काय गुंतलंय, ते आधी सांगते. २०१५ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, माझी पिशवी काढली. गाठी होत्या, अंगावरचं थांबत नव्हतं, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. ऑपरेशन गरजेचं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, ‘पुढे कॅन्सरची धास्ती नको’ म्हणून. टाके कधी काढायचे, जिना कधी चढायचा, पाण्याची कळशी किती महिने उचलायची नाही, पपई चालते का, सगळं सांगितलं. दोन्ही अंडाशय गेले की पाळी जाण्याचं सगळं वादळ एका रात्रीत अंगावर येतं, इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं संप्रेरक एकदम घसरतं आणि मग योनीची त्वचा पातळ, कोरडी, जरा धक्का लागला की खरचटणारी होते, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी कळलं. पॉलिश पेपर घासावा तसं. आधी वाटलं, टाके अजून ओले असतील. मग वाटलं, माझंच मन उडालं. माझे यजमान भला माणूस, त्यांना वाटलं मला त्यांचा कंटाळा आलाय. ते हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागले. कारण सांगायचे, बेडरूममध्ये पंख्याचा आवाज होतो. तो पंखा आम्ही दोनदा बदलला. पाच वर्षं गॅस सिलिंडरवरून, लाइट बिलावरून, मुलाच्या क्लासच्या फीवरून भांडलो. खरं भांडण ज्याचं होतं, त्याला आमच्या घरात शब्दच नव्हता.

या काळात मी तीन डॉक्टरांकडे गेले. एकांनी कॅल्शियम लिहून दिलं. दुसऱ्यांनी न तपासता बुरशीवरच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांनी सत्संगाला जायला सांगितलं. गेलेही महिनाभर, भजनं छान असत. आग तशीच. मग लघवीला पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग व्हायला लागला, म्हणून एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेले. रिपोर्ट बघता बघता त्यांनी सहज विचारलं, “संबंधाच्या वेळीही आग होते का?” इतकंच. मी त्यांच्या केबिनमध्ये ढसाढसा रडले. त्यांनी तपासलं आणि आत लावायचं इस्ट्रिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनच्याच एका प्रकाराचं, क्रीम लिहून दिलं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. अडीच महिन्यांत फरक पडला, लघवीचे जंतूही थांबले, कारण दोन्हीचं मूळ एकच होतं. ट्यूब आमच्या महिन्याच्या दूधबिलापेक्षा स्वस्त आहे. आता ती बाथरूमच्या फळीवर टूथपेस्टशेजारी असते. दीर राहायला आले की तेवढी आत ठेवते.

पाच वर्षं आणि एक प्रश्न. हा हिशोब मला अजून पचत नाही.

दुसरी गोष्ट माझ्या नात्यातल्या मुलीची. तिला विचारून लिहितेय. लग्न करून सिन्नरकडे गेली. तीन वर्षं मूल नाही, म्हणून तपासण्या सुरू झाल्या. एएमएच, फॉलिक्युलर स्टडी, नवऱ्याचा काउंट, सगळं नॉर्मल. त्र्यंबकला नारायण नागबळीही झाला. नळ्यांच्या तपासणीला ती टेबलावरून उठून पळाली, तेव्हा फाइलवर शेरा पडला, ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ ती फाइल मी हातात घेतली आहे. चार बोटं जाड. तिच्यात एकाही पानावर ‘संबंध होतात का?’ हा प्रश्न नाही. होतच नव्हते. एकदाही झाले नव्हते. जवळ आलं की तिचे खालचे स्नायू आपोआप आवळले जायचे, तिची इच्छा असली तरी. याला तुम्ही व्हजायनिस्मस म्हणता. घरचे म्हणायचे, थेरं.

यावर उपचार आहे आणि तो चांगला लागू पडतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, श्वासाबरोबर ते सैल सोडायला शिकणं, बोटाएवढ्यापासून चढत्या आकाराचे डायलेटर, म्हणजे योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत नळ्या, आणि दोघांचं समुपदेशन. नाशकात हे कोण करतं, ते आम्हाला कुणी सांगू शकलं नाही, म्हणून मायलेकी एसटीने पुण्याला फेऱ्या मारत राहिल्या. डायलेटर ती शिवणाच्या मशीनच्या खणात, बॉर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात ठेवायची, वर बॉबिन आणि बटणं. पाच महिने लागले. मूल कधी ते त्यांचं ते बघतील. परवा फोनवर म्हणाली, “मावशी, तपासणीच्या टेबलावर आता माझे पाय थरथरत नाहीत.”

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, तुम्ही विचारत नाही. माझा भाऊ निफाडला द्राक्ष करतो. पानाच्या मागे डावणीचा पांढरा ठिपका दिसला की त्याच संध्याकाळी फोटो सल्लागाराकडे जातो, दुसऱ्या दिवशी फवारणी. वेलीला कुणी म्हणत नाही की तू लाजतेस. आमच्याबाबतीत मात्र पांढरं जातं का इथपर्यंत प्रश्न येतात आणि तिथे थांबतात. ओपीडीत पन्नास-साठ जणी असतात, सासू खुर्चीत बसलेली असते, वेळ नसतो, हे मला कळतं. पण हा प्रश्न विचारायला लागतात पाच सेकंद, आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढची तारीख देता येते.

दुसरी, ऑपरेशनआधी तुम्ही पूर्ण सांगत नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीच्या बायकांच्या पिशव्या काढण्यावरून २०१९ मध्ये एवढा गदारोळ झाला की सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा चर्चा ‘काढली का’ याची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. काढल्यानंतर त्या बाईच्या संसाराचं काय होतं, यावर मी कुठे ओळ वाचली नाही. फक्त पिशवी काढणं आणि अंडाशयांसकट काढणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या भिशीत सहा जणींची ऑपरेशनं झालीत. त्यातल्या चौघींना आपलं नेमकं काय काय काढलं, तेच माहीत नाही. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत आहे.

तिसरी तक्रार गोळ्यांची. नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्यांनी इच्छा कमी होते, परमोच्च क्षण येत नाही, हे वैद्यकाच्या पुस्तकात आहे. आमच्या चिठ्ठीवर नसतं. बीपीच्या काही गोळ्यांचंही तेच. डायबेटिस, थायरॉइड, वाढलेलं प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक), एंडोमेट्रिऑसिस (पिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढणं), अंगावर पाजतानाचा कोरडेपणा, हीसुद्धा कारणं आहेत. माझ्या मैत्रिणीने कुणाला न विचारता गोळ्या एकदम सोडल्या आणि पंधरा दिवसांत पुन्हा अंथरुणाला खिळली. तिला आधी सांगितलं असतं की डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, तर ती थांबली असती. (वाचणाऱ्या बायांनो, मनाने गोळी सोडू नका. डॉक्टरांशी बोला.)

चौथी. तुम्ही गप्प बसता तेव्हा ती जागा रिकामी राहत नाही. द्वारकेपासून नाशिकरोडपर्यंत भिंती बघा, ‘मर्दानी ताकद’, ‘शर्तिया इलाज’. रस्त्याकडेला जडीबुटीचे तंबू. पुरुष निदान फसवला तरी जातो, त्याच्या दुखण्याला भिंतीवर जागा आहे! बायकांकडे आता वेगळा माल येतोय, योनीवर करायचा लेसर, ‘लेसरने पुन्हा तारुण्य’. मोबाइलवर जाहिरात येते, हप्त्याने पैसे भरा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, जुलै २०१८ मध्येच अशा लेसरच्या जाहिरातबाजीबद्दल इशारा दिला होता, भाजणं आणि व्रण राहणं अशा तक्रारींसकट. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत काही बायकांना खरा लेसर दिला, काहींना नुसतं यंत्र लावून लेसर दिल्यासारखं केलं; वर्षभराने दोन्ही गटांत फरक निघाला नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे. मग जाहीरपणे सांगत का नाही?

पाचवी जरा नाजूक आहे. तुमच्यातले काही जण विचारतात, पण नवऱ्याच्या बाजूने. ‘मिस्टर नाराज नाहीत ना?’, ‘थोडं सहन करावं, नाहीतर पुरुष बाहेर जातो.’ हे उलटं झालं. इच्छा नसणं हा मुळात आजार नाही. तिला स्वतःला त्याचा त्रास होत असेल, तरच तो वैद्यकीय प्रश्न. एखादी पन्नाशीची बाई म्हणाली की मला नकोय आणि मी मजेत आहे, तर तिला कुठलंही औषध नको. आणि जिच्या घरात मारहाण आहे, दारू आहे, जिच्या ‘नाही’ला किंमत नाही, तिच्या न होणाऱ्या इच्छेवर क्रीम लावून काय होणार? तिथे दुखणं दुसरीकडे आहे. हे ओळखायलासुद्धा आधी विचारावं लागतं.

उपाय नाहीत असं तुम्ही म्हणू शकत नाही. कोरडेपणाला सगळ्यात आधी साधं पाण्याचं जेल आणि नियमित वापरायचं मॉइश्चरायझर. (खोबरेल तेल बऱ्याच जणी लावतात, निरोध वापरत असाल तर नको, तेलाने रबर फाटतं.) त्याने भागलं नाही तर आतून लावायचं इस्ट्रोजेन. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, त्यांच्यासाठी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून निर्णय. दुखण्याला फिजिओथेरपी. मनातल्या भीतीला, जुन्या जखमेला समुपदेशन. जोडप्याने घाई न करता नुसत्या स्पर्शापासून पुन्हा सुरुवात करायचे व्यायाम तर १९७०पासून जगभर शिकवले जातात. पाळी गेल्यानंतर इच्छाच मावळली आणि त्याचा त्रास होतोय, अशांसाठी अगदी कमी मात्रेत, पुरुषाच्या साधारण दहाव्या हिश्श्याने, टेस्टोस्टेरॉन हे मुख्यतः पुरुषाचं समजलं जाणारं संप्रेरक देता येतं, असं २०१९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञ संघटनांनी मिळून सांगितलं. तेही रक्तावर लक्ष ठेवून. कुणाही ब्यूटी क्लिनिकच्या भरवशावर नव्हे.

गोळीचं म्हणाल तर पुरुषांची निळी गोळी, व्हायग्रा, अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झाली. बायकांच्या कमी इच्छेवरचं पहिलं औषध, फ्लिबॅन्सेरिन, २०१५ मध्ये. सतरा वर्षांनी. ते रोज झोपताना घ्यायचं, दारूबरोबर घेतलं तर बीपी उतरून चक्कर येऊ शकते, आणि गुण माफकच. २०१९ मध्ये ब्रेमेलॅनोटाइडचं इंजेक्शन आलं, संबंधाच्या आधी पाऊण तास पोटात किंवा मांडीत टोचायचं. दहातल्या चार जणींना मळमळ. दोन्ही पहिल्यांदा मंजूर झाली तेव्हा ती फक्त पाळी चालू असलेल्या बायकांसाठी होती. ही औषधं मला हवीत म्हणून मी भांडत नाहीये. माझ्यासारख्या बहुतेकींचं काम साध्या ट्यूबवर, साध्या व्यायामावर, गोळी बदलण्यावर भागतं.

या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि बाईच्या कामसुखाबद्दल उघड लिहिलं. त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. शंभर वर्षं उलटून गेली. आणि आम्ही एका झेरॉक्सवरच्या ओळीसाठी भांडतोय.

तेव्हा मागण्या. जमतील अशाच आहेत.

शिबिरात, ओपीडीच्या केसपेपरवर, हा प्रश्न छापा. बाळंतपणानंतरच्या तपासणीत, पाळी जाण्याच्या वयात, पिशवीच्या ऑपरेशनआधी आणि नंतर, आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्या प्रत्येकीला तो विचारा. मूल होत नाही म्हणून आलेल्यांना तर पहिल्याच दिवशी.

विचारताना सासूला, नवऱ्याला, आईला दोन मिनिटं बाहेर बसवा. ‘हॉस्पिटलचा नियम आहे’ म्हणा, बाईवर येऊ देऊ नका.

अंडाशय काढणार असाल तर का, आणि त्यानंतर काय काय होईल, हे मराठीत एका पानावर लिहून द्या. डिस्चार्ज कार्डावरही मराठीत लिहा, काय काढलं आणि काय ठेवलं.

नाशिकमध्ये या विषयाचे फिजिओथेरपिस्ट, समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ कोण आहेत, त्यांची एक यादी तुम्ही मिळून करा आणि दवाखान्यात लावा. नसतील तर शिकायला पाठवा. राज्यभरच्या डॉक्टरांच्या परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. तुमच्यातले कित्येक जण तिथे परीक्षक म्हणून जाता. एखादा प्रश्न यावरही काढा. परीक्षेला आलं की पोरं वाचतात, हा शाळेच्या ऑफिसातला माझा अनुभव.

सरकारी दवाखान्यात आठवड्यातली एक दुपार फक्त यासाठी ठेवावी, असं पत्र तुम्ही तुमच्या सहीने द्या. आमच्या सह्या आम्ही जोडतो. गंगापूर रोडवरची बाई पुण्याला, मुंबईला जाऊन येईल. पेठ-सुरगाण्याहून पहिल्या गाडीने येणारी कुठे जाणार?

आणि लेसरच्या जाहिरातींबद्दल तुमचं जे मत केबिनमध्ये आहे, ते एकदा वर्तमानपत्रात छापून येऊ द्या.

शिबिरातले ते आठ फॉर्म माझ्याकडे आहेत. नावं झाकून, मागच्या पेन्सिलीच्या ओळींच्या झेरॉक्स या पत्राबरोबर तुमच्यापैकी प्रत्येकाला पाठवतेय. एक ओळ मोडी वळणाच्या अक्षरासारखी दिसेल, ती माझी नाही. त्या आजी बहात्तर वर्षांच्या आहेत, पेन्सिल माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतः लिहिलंय.

दिवाळीनंतर पुढचं शिबिर आहे. फॉर्म टाईप करायला माझ्याकडेच येईल आणि मी त्यात अकरावा प्रश्न घालणार आहे. खोडायचाच झाला, तर या वेळी पेन घेऊन सभागृहात या आणि रांगेतल्या बायकांसमोर खोडा.

कळावे,
आपली,
नोंदणीच्या टेबलावरची
सिडको, नाशिक